नर्तकांचे छायाचित्रकार : एडवर्ड कर्टिस

लोकनृत्य पाहताना आपले लक्ष पावलांकडे, वाद्यांकडे आणि वेषाकडे जाते. नाचणाऱ्याच्या मुद्रेकडे क्वचितच जाते. ती मुद्रा टिपून ठेवण्यासाठी तीस वर्षे वेचणाऱ्या एका अमेरिकन छायाचित्रकाराचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

एडवर्ड कर्टिस यांचा जन्म फेब्रुवारी १८६८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात झाला. गरिबीमुळे शाळा लवकरच सुटली. पुढे सिॲटल शहरी छायाचित्रणाच्या धंद्यात त्यांनी उत्तम जम बसविला. श्रीमंतांच्या तसबिरी काढीत ते सुखाने राहिले असते; परंतु १९०० साली त्यांनी मोंटाना राज्यात पिगन जमातीचा सूर्यनृत्याचा सोहळा पाहिला आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली.

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर तो काळ मोठा कठीण होता. १८८३ च्या सरकारी नियमांनी अशी धार्मिक नृत्ये दंडनीय ठरविली होती. मुलांना दूरच्या वसतिशाळांत धाडून त्यांची भाषाही तोडली जात होती. हे सारे लोपण्यापूर्वी टिपून ठेवावे, असा कर्टिस यांनी निश्चय केला. १९०६ साली धनाढ्य पिअरपाँट मॉर्गन यांनी त्यांना ७५,००० डॉलर देऊ केले. त्यातून कर्टिस यांनी स्वतःसाठी वेतन घेतले नाही.

काचेच्या जड तबकड्या बरोबर घेऊन ते वाळवंटे आणि डोंगर तुडवीत हिंडले. तंबूचा पडदा सारून आत येणाऱ्या उजेडात ते माणसे बसवीत. होपी जमातीच्या सर्पनृत्याच्या विधीत प्रवेश मिळण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. नाव्हाहो लोकांचे मुखवटे धारण केलेले नर्तक, क्वाकिउट्ल लोकांचे हमात्सा नर्तक अशी कितीतरी चित्रे त्यांनी घेतली. ८० हून अधिक जमाती, ४०,००० हून अधिक छायाचित्रे आणि १९०७ ते १९३० या काळात प्रसिद्ध झालेले २० खंड, एवढे हे कार्य आहे.

त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत. जुनेपणा दिसावा म्हणून एका चित्रातील घड्याळ त्यांनी पुसून टाकले. काही ठिकाणी वेषही पुरविले. कित्येक चित्रांखाली जमातीचे नाव आहे, नर्तकाचे नाही.

या ध्यासापायी संसार मोडला, पैसा गेला, ग्रंथाचे हक्कही हातचे गेले. ग्रंथाचे ३०० संचसुद्धा विकले गेले नाहीत. १९ ऑक्टोबर १९५२ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा जग त्यांना जवळजवळ विसरले होते.

१९१४ साली त्यांनी कॅनडातील क्वाकिउट्ल लोकांचा चित्रपट केला, तेव्हा तेथे पॉटलॅच या उत्सवावर बंदी होती. ती १९५१ साली उठली. पुढे १९७३ साली तो मूकपट नव्याने निघाला, तेव्हा त्याला त्याच लोकांच्या वंशजांनी आपला आवाज दिला. जी नृत्ये लोपणार असे कर्टिस यांना वाटले, ती लोपली नाहीत. ज्यांची ती होती त्यांनीच ती जपली. आपल्या गावच्या नर्तकाचे चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याने यातून एवढे घ्यावे, की चिकाटी कर्टिस यांची असावी आणि चित्राखाली नर्तकाचे नाव मात्र अवश्य लिहावे.