मसूरच्या फलाटावरचे नवे कपडे

१९०१ सालचा उन्हाळा. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील मसूर स्थानकात दिवस कलताना चार मुले गाडीतून उतरली. अंगात विलायती घाटाचे नवे सदरे, रेशीमकाठी धोतरे, डोक्यावर झगमगीत टोप्या, पायांत नवे जोडे. ती मुले ब्राह्मणाचीच असणार, अशी स्टेशनमास्तरांची खात्रीच झाली. त्यांनी आपुलकीने चौकशी केली. मुलांनी भाबडेपणाने आपली जात सांगितली, महार, आणि मास्तरांचा चेहराच पालटला.

त्या चौघांतला नऊ-दहा वर्षांचा भीमराव म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वडील रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील दुष्काळी कामावर रोखपाल होते. सुट्टीत मुले त्यांना भेटायला निघाली होती, म्हणून तर एवढी कपड्यांची खरेदी! मुले येत असल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. एकही बैलगाडीवाला तयार होईना. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर राजी झाला. पण अट अशी, की गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. शिदोरी बरोबर होती. पाणी मात्र कुठेच मिळाले नाही, म्हणून रात्र उपाशीच गेली.

पस्तीसेक वर्षांनी बाबासाहेबांनी ही हकीकत इंग्रजीत लिहून काढली, तेव्हाही टोपी, जोडे, धोतराचे काठ त्यांच्या लक्षात होते. मोठा माणूस बालपण आठवताना सहसा खाऊ आठवतो. यांना कपडे आठवले.

साताऱ्यातले त्यांचे बालपणच तसे गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. वर्गात बसायला घरून गोणपाटाचा तुकडा न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. शाळेचा झाडूवालाही त्याला शिवत नसे. गावात परीट होते, न्हावी होते, घरात पैसेही होते. पण कपडे बहिणींनीच धुवायचे आणि केस थोरल्या बहिणीनेच कापायचे. स्वच्छ दिसणे इतरांना दोन पैशांत मिळत होते. या घरात ते बहिणींच्या कष्टांवर उभे होते. अशा मुलाला पुढे इस्त्रीच्या घडीचे मोल कोणी शिकवावे लागेल काय?

नुसत्या पोशाखाने काही साधत नाही, हेही त्यांना लवकर कळले. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन एका पारशी सराईत उतरले. अंगावर साहेबी कपडे होते. पण कोटाखाली सदरा-कस्ती नाही, हे तिथल्या रखवालदाराच्या लगेच नजरेस आले. काही दिवसांनी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले.

मग त्यांनी सूट-टाय का सोडला नाही? इंग्रजाळलेपणाचा आरोप त्यांच्यावर पुष्कळांनी केला. १९२१ मध्ये गांधीजींनी पंचा नेसला, तो त्याग होता. पण ज्याच्याकडून चांगले वस्त्र पिढ्यान्पिढ्या हिरावून घेतले, त्याने कशाचा त्याग करायचा? मला वाटते, मसूरला कपड्यांनी जात झाकली गेली होती, ती क्षणभरच. पुढे बाबासाहेबांनी कपडे झाकण्यासाठी कधी वापरले नाहीत. गोलमेज परिषदेत ते सुटात उभे राहिले, ते अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणूनच.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. गळ्यातल्या माळांचे आणि हातभर कथलाच्या-चांदीच्या दागिन्यांचे ओझे टाका, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे घोट्यापर्यंत नेसा, फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, असे त्यांनी सांगितले. या वरवर घरगुती वाटणाऱ्या सूचना. परंतु बाई दुरूनच महार म्हणून ओळखू यावी, अशी ती नेसण होती! स्त्रियांनी तिथेच लुगडी नव्या पद्धतीने नेसून दाखविली. चवदार तळ्याचे पाणी पुढे दहा वर्षे कोर्टकचेरीत अडकले. लुगड्याला मात्र कोणाची परवानगी लागली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेताना बाबासाहेबांच्या अंगावर सूट नव्हता. पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून ते आले. समोर पांढऱ्या कपड्यांतल्या लाखो माणसांत कोण कुठल्या वाड्यातून आला, हे नुसते पाहून सांगता येत नव्हते.