परमुलखातला रहस्यकथाकार

बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथांवर आपल्या मागच्या पिढ्या पोसल्या. झुंजार, काळापहाड ही नावं नुसती घेतली तरी अजून काहींचे डोळे चमकतात. मीही त्याच पंथातला. पण आज ज्यांच्याविषयी लिहितोय ते रहस्यकथाकार मराठी नाहीत, इंग्रज नाहीत आणि त्यांचा नायक चिनी असला तरी ते स्वतः चिनीही नाहीत. ते हॉलंडचे. नाव रॉबर्ट व्हान गुलिक. त्यांची एक रहस्यकादंबरी १९५३ साली चिनी भाषेत छापली गेली, ती आपल्या ह्या सिंगापुरात. आणि गंमत म्हणजे तो चिनी मजकूर कुणा दुभाष्याचा नव्हता, त्यांनी स्वतःच लिहिला होता!

गुलिक यांचा जन्म १९१० चा, झुट्फेन गावचा. वडील डच वसाहतीच्या सैन्यात डॉक्टर, त्यामुळे बालपण जावा बेटावर गेलं. डोळे उघडले तेच नारळीच्या झाडांत आणि मलय, जावानीज, चिनी बोलींच्या गलक्यात. १९२३ मध्ये कुटुंब हॉलंडला परतलं. कागदोपत्री हा मुलगा मायदेशी आला होता, पण मन मागेच राहिलं असावं. कारण पुढचं सगळं आयुष्य तो पूर्वेकडेच तोंड करून जगला.

शाळेत असतानाच उलेनबेक ह्या भाषापंडितांकडे ते संस्कृत शिकले. कालिदासाच्या विक्रमोर्वशीयाचा डच अनुवाद केला तेव्हा वय होतं बावीस. १९३५ साली युट्रेक्ट विद्यापीठात डॉक्टरेट घेतली ती हयग्रीवावर, म्हणजे आपल्या पुराणातल्या घोड्याच्या तोंडाच्या देवावर. त्याच वर्षी परराष्ट्र खात्यात नोकरी धरली आणि तोक्योला रवाना झाले.

मग सुरू झाली बदल्यांची मालिका. महायुद्धात जपान सोडावं लागलं, तेव्हा जमवलेला मोठा ग्रंथसंग्रह गेला. १९४३ मध्ये चीनच्या युद्धकाळातल्या राजधानीत, चुंगकिंगला नेमणूक झाली. तिथेच श्वी शीफांग ह्या चिनी तरुणीशी लग्न झालं. पुढे वॉशिंग्टन, पुन्हा तोक्यो, मग दिल्ली, बैरूत, क्वालालंपूर, आणि शेवटी परत तोक्यो, ह्या वेळी राजदूत म्हणून. चार मुलं, दर तीन-चार वर्षांनी नवं घर, नवी शाळा, नवी भाषा. आपल्यातल्या अनेकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्या मंडळींना आवडेल असा एक धागा नागपूरचा आहे. चीन-जपानमधल्या बौद्ध मठांत संस्कृत मंत्र सिद्धम् नावाच्या भारतीय लिपीत लिहीत. ह्या लिपीचा आणि तिकडच्या संस्कृत अभ्यासाचा इतिहास सांगणारं गुलिक यांचं पुस्तक डॉ. रघुवीर यांच्या संस्थेने १९५६ साली काढलं, आणि त्यावर प्रकाशनस्थळ छापलंय नागपूर!

आता रहस्यकथांकडे वळतो. युद्धकाळात गुलिक यांच्या हाती एक जुनी चिनी कादंबरी लागली. नायक न्यायाधीश डी, म्हणजे सातव्या शतकातला तांग राजवटीचा खराखुरा अधिकारी डी रेनजिये. तिचा इंग्रजी अनुवाद त्यांनी १९४९ मध्ये तोक्योत स्वखर्चाने छापला. त्यांना एका गोष्टीची रुखरुख होती. चीन-जपानच्या बाजारात पाश्चात्त्य थरारकथांच्या सुमार भाषांतरांचा सुळसुळाट, आणि ह्यांच्या घरची शेकडो वर्षांची गुप्तहेरकथा धूळ खात पडलेली. तिथल्या लेखकांनी ती पुन्हा उचलावी अशी त्यांची इच्छा होती. कुणी पुढे आलं नाही, तेव्हा म्हणाले असतील, चला, आपणच लिहू.

जुन्या चिनी कथांत गुन्हेगार कोण ते सुरुवातीलाच सांगून टाकत, आणि भुतंखेतं साक्षीला यायची. गुलिक यांनी ह्या दोन्ही गोष्टी वगळल्या. एकाच वेळी तीन गुन्ह्यांचा तपास ही जुनी पद्धत मात्र ठेवली. मिंग काळातल्या छापांसारखी चित्रंही स्वतःच काढली. चक्रव्यूहातल्या खुनांची त्यांची कादंबरी आधी जपानीत (१९५१), मग सिंगापुरात चिनीत आणि १९५६ मध्ये मूळ इंग्रजीत आली. जपानी प्रकाशक मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्री हवी म्हणून अडून बसला. तसं जुनं अस्सल चित्र शोधता शोधता गुलिक यांना मिंगकालीन शृंगारचित्रं सापडली आणि त्यातून प्राचीन चीनमधल्या कामजीवनावर एक जाडजूड विद्वत्ग्रंथ तयार झाला, १९६१ साली. एका मुखपृष्ठाच्या हट्टापायी!

१९५९ ते ६२ ते क्वालालंपूरला राजदूत होते. घरी गिबन माकडं पाळली होती, आणि त्यांच्यावरही शेवटी ग्रंथ लिहिलाच. न्यायाधीश डीच्या काही कादंबऱ्या त्यांनी तिथेच छापून घेतल्या.

इतक्या सगळ्या लिखाणात स्वतःच्या देशात घडणारी रहस्यकथा मात्र एकच. १९६३ ची, अ‍ॅमस्टरडॅममधली. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते ह्याच पुस्तकाने. नायक हेंड्रिक्स हा जावातला माजी डच अधिकारी. जपान्यांच्या कैदेत छळ सोसलेला, घरदार गमावलेला, आता अ‍ॅमस्टरडॅममध्ये हिशेबनिसाची नोकरी करतोय. रस्त्यात अडवलेल्या एका मुलीच्या मदतीला धावतो आणि एका रात्रीत भलत्याच प्रकरणात सापडतो. खून आहे, टोळी आहे, सगळं आहे. पण खरं कोडं हेंड्रिक्स स्वतः. भाषा त्याची, रस्ते त्याचे, पासपोर्ट त्याचा, आणि तरी तो तिथला नाही. त्याचा देश जावात होता आणि तो देशच आता उरलेला नाही. ह्या अ‍ॅमस्टरडॅमच्या गोष्टीची इंग्रजी आवृत्तीही १९६४ मध्ये छापली गेली ती क्वालालंपूरला, म्हणजे आपल्या कॉजवेच्या पलीकडे.

गुलिक १९६७ च्या सप्टेंबरात हेगमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. वय फक्त सत्तावन्न.

आपण परदेशी राहणारे लोक एक गोष्ट धरूनच चालतो, की इथे आपण पाहुणे आणि तिकडे घर तसंच्या तसं थांबलेलं आहे. सुट्टीत पुण्याला जावं तर गल्ली ओळखू येत नाही, आणि मुलं विचारतात, आपण घरी कधी जायचं? म्हणजे सिंगापूरला! आपण सगळेच थोडेफार हेंड्रिक्स. फरक इतकाच, की गुलिक त्यावर कुढत बसले नाहीत. जिथे गेले तिथली भाषा शिकले, तिथल्या लोकांनी अडगळीत टाकलेलं धन शोधलं आणि झाडूनपुसून त्यांच्याच हातात परत ठेवलं. घर कुठलं ह्याचं उत्तर त्यांनाही मिळालं की नाही, कोण जाणे. पण जिथे राहिलो तिथलं काहीतरी मनापासून आपलं करायचं, एवढं तर तुम्हा-आम्हाला जमण्यासारखं आहे.