बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते, त्या वाल्देमार हाफकिन यांची कारकीर्द लसीच्या एका बाटलीने संपवली होती, हे फारसे कुणाला माहीत नसते.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला, तेव्हा त्यांना मुंबईला धाडण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत, मोजक्या मदतनिसांच्या साथीने त्यांनी तीन महिन्यांत लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी तिची पहिली टोचणीही त्यांनी स्वतःच घेतली.

प्लेग नाशिक, पुण्यासह राज्यभर पसरत गेला. लसीची मागणी वाढली आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात हलली. तोवरचा प्रश्न लस बनवण्याचा होता. आता ती रेल्वेने, बैलगाडीने शेकडो मैलांवर नेऊन परक्या हातांनी टोचायची होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. काही दिवसांतच त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिली होती. तिचा क्रमांक होता ५३-एन. उरलेल्या बाटल्यांची लस घेतलेल्यांना काही झाले नाही.

चौकशी आयोगाने बोट परळकडे दाखवले. उत्पादन वाढवताना लसीत कार्बोलिक आम्ल घालणे थांबवून केवळ उष्णतेने निर्जंतुकीकरण केले जात होते, त्यावर ठपका आला. हाफकिन यांना पद गमवावे लागले.

पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिक द्रावणात नुसता बुडवून त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि अशा बुडवण्याने ते मरत नाहीत. शिवाय ही बाटली ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. जंतू तेव्हाच आत शिरले असते, तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. म्हणजे दोष कारखान्यातला नव्हता, वाटेच्या शेवटच्या टोकाचा होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये हे जाहीरपणे मांडले आणि त्या वर्षअखेर हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण पहिले काम त्यांना पुन्हा मिळाले नाही. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

बाटलीवर क्रमांक होता, म्हणून मृत्यूंचा माग एका बाटलीपर्यंत लागला. पण ती कोणी, कधी, कशी उघडली, याची नोंद त्याच काटेकोरपणे झाली नव्हती. त्याची किंमत एका शास्त्रज्ञाने मोजली आणि लसीवरचा लोकांचा विश्वासही डळमळला.

आज मुंबईहून निघालेली लस घोटीमार्गे सिन्नरला पोहोचेपर्यंत तिला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. वाटेत गोदाम, वाहन, वितरक, दुकानातला फ्रीज असे अनेक टप्पे येतात. यातला एक जरी चुकला, तरी उत्तम औषध निकामी होऊ शकते. म्हणून प्रत्येक टप्प्याची नोंद लागते. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. मोबाइलवर तो तपासता येतो.

या साखळीचा शेवटचा दुवा आपण असतो. औषध घेताना बिल मागावे, त्यावरचा बॅच क्रमांक वेष्टनावरच्या क्रमांकाशी जुळवावा आणि औषध संपेपर्यंत दोन्ही जपून ठेवावे. इन्सुलिन किंवा लस घ्यायची असेल, तर ती फ्रीजमधूनच काढून दिली जाते ना, हे पाहावे आणि घरी नेताना उन्हात ठेवू नये.