रुग्णांतून कार्यकर्ते घडविणाऱ्या डॉ. अनिता अवचट

व्यसनी माणसाला सावरण्यासाठी औषध लागते, खाट लागते, पैसाही लागतो. या सर्वांहून दुर्मिळ असते ते त्याच्याशी कसे वागावे, हे शिकलेले माणूस. महाराष्ट्रात अशी माणसे घडविण्याचे काम ज्यांनी आयुष्याची अखेरची दहा वर्षे केले, त्या डॉ. अनिता अवचट यांचे १० फेब्रुवारी १९९७ रोजी निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १ मे १९९९ रोजी, परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि वसमत तालुका त्यात गेला. डॉ. अनितांची कर्मभूमी पुणे होती. परंतु त्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला, त्याची खरी धग वसमतसारख्या तालुक्याच्या गावांना अधिक जाणवते. म्हणूनच त्यांचे चरित्र केवळ पुण्याचे राहत नाही.

घरी सुनंदा आणि जगाला डॉ. अनिता म्हणून परिचित असलेल्या या डॉक्टरांचे वैद्यकीय शिक्षण पुण्यात झाले. तेथेच अनिल अवचट यांच्याशी परिचय झाला व पुढे विवाह. दोघेही डॉक्टर, पण अनिल अवचट यांचा ओढा लेखनाकडे आणि सामाजिक चळवळींकडे होता. संसाराची मिळकत डॉ. अनितांनी सांभाळावी आणि घर व दोन मुली पतीने सांभाळाव्यात, अशी त्या काळी अपवादात्मक ठरणारी वाटणी या दाम्पत्याने सहजपणे स्वीकारली. अवचटांच्या हातून उपेक्षितांच्या जगाविषयीचे जे लेखन झाले, त्याला या स्थैर्याचा आधार होता. डॉ. अनिता पुढे मानसोपचाराकडे वळल्या आणि येरवडा मनोरुग्णालयात काम करू लागल्या. समाजाने टाकून दिलेल्या माणसांकडे कुतूहलाने नव्हे, तर आपलेपणाने पाहण्याची त्यांची वृत्ती तेथे पक्की झाली.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजेच गर्द, या मादक पदार्थाने शिरकाव केला. परिचयातील एका कुटुंबातला मुलगा या व्यसनात अडकला आणि अवचट पती-पत्नींना प्रश्नाचे भीषण रूप जवळून दिसले. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. ती पुढे ‘गर्द’ या पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले. या मुलांसाठी उपचाराची सोय व्हावी म्हणून त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. पैसा उभा राहिला, पण काम उभे करणार कोण, हा प्रश्न होता. डॉ. अनितांनी ती जबाबदारी अंगावर घेतली. येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारातील जागेत २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

त्या वेळी देशात या कामाचा अनुभव असलेल्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. चेन्नईत १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाचे काम सुरू झाले होते. मुंबई परिसरात १९८१ पासून कृपा फाउंडेशन कार्यरत होते. अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ मध्ये झाला होता. त्यात शिक्षेच्या तरतुदींबरोबर उपचार केंद्रांचीही तरतूद होती. परंतु अशा केंद्रांत काम करावयास लागणारा प्रशिक्षित वर्ग तयार करणारी व्यवस्था जवळपास नव्हतीच. वैद्यकीय शिक्षणात व्यसनाधीनतेला जेमतेम जागा होती. समुपदेशक हा शब्दही सामान्य माणसाच्या कानावरून गेलेला नव्हता.

या उणिवेवर डॉ. अनितांनी जे उत्तर शोधले, ते त्यांच्या कार्याचा गाभा ठरले. जे रुग्ण बरे झाले, त्यांनाच त्यांनी कामाला घेतले. ज्याने गर्दची टर्की अंगावर काढली आहे, म्हणजे अंग मोडून येणे, उलट्या, जुलाब, नाका-डोळ्यांतून वाहणारे पाणी, रात्र रात्र न लागणारी झोप हे सारे सोसले आहे, त्याला नव्या रुग्णाची वेदना पुस्तकातून शिकावी लागत नाही. रुग्ण थाप मारू लागला, तर तीही त्याच्या लगेच लक्षात येते, कारण एके काळी ती त्यानेही मारलेली असते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या चळवळीने एका मद्यपीने दुसऱ्याला हात देण्याचे तत्त्व जगभर नेले होते. डॉ. अनितांनी त्याला मानसोपचाराची शिस्त आणि मराठी घरातला जिव्हाळा यांची जोड दिली.

मात्र अनुभव हे प्रशिक्षण नव्हे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. स्वतः सावरलेल्या माणसाला आपलाच मार्ग सर्वांना लागू पडतो असे वाटू लागते. कधी तो रुग्णावर सत्ता गाजवू लागतो. कधी ताण असह्य होऊन त्याचाच पाय पुन्हा घसरतो. म्हणून ऐकून कसे घ्यावे, सल्ला कधी द्यावा आणि कधी देऊ नये, नातेवाइकांशी कसे बोलावे, कोणती लक्षणे दिसताच डॉक्टरांना बोलवावे, हे सारे या कार्यकर्त्यांना प्रत्यक्ष कामातून शिकावे लागले. मारहाण नाही, बांधून ठेवणे नाही, अपमान नाही, हा केंद्राचा पाया होता. ज्याचे व्यसन पुन्हा सुरू झाले, त्याच्यासाठीही दार उघडे असे. पुन्हा व्यसनाकडे वळणे हा आजाराचाच भाग आहे, तो नैतिक अधःपात नव्हे, ही भूमिका तेव्हाच्या समाजाला पचणे कठीण होते. केंद्रातील सर्वजण त्यांना मॅडम म्हणत. पण त्या संबोधनात हुद्द्यापेक्षा हक्कच अधिक होता.

घरच्या माणसांकडे त्यांचे तितकेच लक्ष होते. व्यसनी पुरुषाची पत्नी स्वतःला अपराधी मानते, घरातील गोष्ट लपविते, उसनवारी फेडते, मारही खाते. अशा स्त्रियांना एकत्र आणणारा सहचरी गट मुक्तांगणमध्ये आकाराला आला. उपचार संपवून घरी परतलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका सुरू झाल्या. निवासी उपचार काही आठवड्यांत संपतात. खरी कसोटी त्यानंतर घरी, कामावर आणि गावाच्या चौकात लागते, हे सूत्र त्यामागे होते.

कर्करोगाने गाठल्यावरही त्यांचे काम थांबले नाही. उपचारांच्या यातना सोसत त्या केंद्रात येत राहिल्या. दुर्धर आजार झालेल्या डॉक्टर आपल्यासाठी धडपडत आहेत, हे पाहणाऱ्या रुग्णांवर झालेला परिणाम कोणत्याही व्याख्यानाने साधला नसता. त्यांच्या निधनानंतर संस्था विस्कळीत होण्याची भीती होती. तसे घडले नाही, कारण काम एका व्यक्तीभोवती न ठेवता त्यांनी ते अनेकांच्या हाती सोपविले होते. अनिल अवचट यांनी २७ जानेवारी २०२२ रोजी झालेल्या निधनापर्यंत संस्थेशी नाते राखले. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन संस्थेची धुरा सांभाळली. त्यांच्या स्मृतिदिनी संघर्ष सन्मान पुरस्कार देण्याची प्रथा पडली. केंद्र सरकारने मुक्तांगणला पश्चिम भारतासाठी प्रशिक्षण केंद्र म्हणूनही मान्यता दिली आणि इतर व्यसनमुक्ती केंद्रांचे कार्यकर्ते तेथे शिकण्यासाठी येऊ लागले. येरवड्याच्या एका आवारात नाइलाजाने सुरू झालेली शिकवण अशा रीतीने रीतसर अभ्यासक्रमाला पोहोचली.

तरीही पुण्यात शिकलेला कार्यकर्ता गावी परततो, तेव्हा काय होते, हा प्रश्न उरतोच. वसमत हे हळदीच्या बाजारपेठेचे गाव. आसपासच्या शिवारात ऊस आणि साखर कारखाना. तेथील शेतमजुराला उपचारासाठी पाच आठवडे पुण्याला राहणे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडविणे. त्याची पहिली गाठ पडते ती गावातल्या डॉक्टरशी, परिचारिकेशी किंवा आशा कार्यकर्तीशी. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, आणि काहींना दोन-चार दिवसांत फिट किंवा भ्रम होतो. घरच्यांना ही बाहेरची बाधा वाटते, किंवा दारूवाचून हा जगणारच नाही असे वाटून तेच त्याला पुन्हा पाजतात. अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाईन लावण्याआधी ब-१ जीवनसत्त्व द्यावयाचे असते, ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कुणी रुग्णाच्या नकळत जेवणातून दारू सोडविण्याची गोळी देतात. तीवर दारू प्यायल्यास जिवावर बेतते. हे सारे ओळखणारा माणूस मोठ्या शहरात नव्हे, तालुक्यातच असावा लागतो.

गरज किती मोठी आहे, हे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीने दाखविले. दिल्लीच्या एम्स संस्थेच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या पाहणीनुसार देशात सुमारे पावणेसहा कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज होती आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ व्यक्तींपैकी केवळ एकाला काही ना काही उपचार मिळाले होते. उपायही दिसू लागले आहेत. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ उपक्रमाने उपचार तालुक्यापर्यंत नेले. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने दूरदृश्य पद्धतीने ग्रामीण डॉक्टर व समुपदेशकांना त्यांच्याच रुग्णांवर चर्चा करीत शिकविण्याची व्यवस्था उभारली. एकदा प्रशिक्षण देऊन विसरून न जाता कार्यकर्त्याच्या पाठीशी सतत उभे राहणे, हे त्यामागचे तत्त्व.

डॉ. अनितांनी नेमके हेच केले होते. ज्याला घडविले, त्याला त्यांनी एकटे सोडले नाही. त्याची निराशा, त्याचे घसरणे, त्याचे घर या सर्वांची चौकशी त्या करीत. तालुक्याच्या गावी एकट्याने काम करणाऱ्या समुपदेशकाला मात्र आपला थकवा सांगावयास बहुधा कुणी नसते. व्यसनी माणसासाठी केंद्रे वाढली, पण त्याला सावरणाऱ्याला कोण सावरणार, याचे उत्तर अद्याप सर्वत्र मिळालेले नाही. तीस खाटांची इमारत उभी करण्याहून ते कठीण आहे. त्यास खर्च मात्र कमी लागतो.