टाकी केवढी हवी?

रविवारची सकाळ. भाईंदर पूर्वेला खारीतून मिठागरांच्या दिशेनं गेलात की इमारती मागे पडतात आणि थोडं आभाळ दिसायला लागतं. समजा, तिथंच एका मोकळ्या जागेत तुम्ही उभे आहात. हातात हँडल, हँडलपासून निघालेल्या दोन बारीक तारा आणि त्या तारांच्या टोकाला, तुमच्याभोवती गरगर फिरणारं तुमचं विमान. कंट्रोल लाइन मॉडेल. दोन महिने बाल्सा कापला, पॉकेटमनी संपवला, घरच्यांची बोलणी खाल्ली. दहा फेऱ्या मस्त झाल्या. आता पहिला लूप. विमान डोक्यावर गेलं, इंजिननं एक उचकी दिली आणि बंद! तारा सैल पडल्या. तारा सैल म्हणजे तुमचा ताबा गेला. पुढच्या दोन सेकंदांत दोन महिन्यांची मेहनत नाकावर आपटली.

तुकडे गोळा करताना कळतं, की टाकीत निम्मं इंधन तसंच आहे. म्हणजे इंधन कमी पडलंच नव्हतं. ते इंजिनापर्यंत पोचलं नव्हतं.

कुठल्याही नवशिक्याला विचारा, टाकी केवढी बसवू? उत्तर ठरलेलं: मावेल तेवढी मोठी! हे उत्तर का चुकतं ते समजून घ्यायचं असेल, तर खारीपासून फार लांब नसलेल्या जुहूच्या मैदानावर चला. आणि एका माणसाला भेटा. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. म्हणजे आपले जेआरडी.

उद्योगपती जेआरडी तुम्हाला माहीत आहेत. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत असतात तेच. पण या माणसाचं पहिलं प्रेम विमान. जन्म २९ जुलै १९०४, पॅरिस. वडील रतनजी टाटा घराण्यातले, आई सुझान फ्रेंच. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो गावी जायचं. तिथं त्यांचे शेजारी कोण? लुई ब्लेरियो! १९०९ मध्ये विमानानं इंग्लिश खाडी पार करणारा पहिला माणूस. समुद्रकिनाऱ्यावर विमान उतरताना बघणाऱ्या मुलाचं पुढं काय होणार? पंधराव्या वर्षी त्यांनी विमानात पहिली चक्कर मारली आणि ठरवून टाकलं, आपण वैमानिक व्हायचं.

पण आयुष्य लगेच तसं वागत नाही. त्यांना केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं. १९२५ मध्ये वडिलांनी मुंबईला बोलावून घेतलं, टाटांच्या कंपनीत बसवलं आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. डिग्री राहिली ती राहिलीच. ही सल त्यांना आयुष्यभर होती. मग जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडी तिथं जाऊन धडकले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांच्या हातात वैमानिकाचं प्रमाणपत्र पडलं. भारतात दिलेलं पहिलं. क्रमांक १.

पुढच्या वर्षी एक शर्यत लागली. इंग्लंड आणि भारत यांमधलं अंतर एकट्यानं विमानातून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस ठेवलं होतं. जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले. उलट्या बाजूनं, लंडनहून कराचीकडे, अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा येत होता. दोघांची विमानं जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीकडे जादा स्पार्क प्लग नव्हता, तो अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचा प्लग काढून दिला. अस्पी उडाला आणि काही तासांच्या फरकानं जिंकला. पुढं १९६० मध्ये तोच पोरगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. प्लग देताना जेआरडींना हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. समोरचा अडकलाय एवढंच दिसत होतं.

या जिप्सी मॉथकडे जरा मेकॅनिकच्या नजरेनं बघा. तिची पेट्रोलची टाकी कुठं होती? वरच्या पंखाच्या मधोमध, इंजिनापेक्षा उंच. पेट्रोल आपल्या वजनानंच नळीतून खाली यायचं. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येतं ना, अगदी तसंच. सरळ जाणाऱ्या विमानाला हे छान चालतं. पण तुमचं मॉडेल सरळ जात नाही! ते लूप मारतं, उलटं उडतं आणि सतत गोल फिरतं. उलटं झालं की वरची टाकी खाली जाते आणि इंजिन उपाशी पडतं. म्हणून कंट्रोल लाइनमध्ये पहिला नियम: टाकीचा मध्य आणि इंजिनाचा नीडल व्हॉल्व्ह एका उंचीवर हवा. तपासायचं कसं? काही फेऱ्या सुलट उडवा, काही उलट. उलट उडताना इंजिन जास्त जोरात पळायला लागलं, तर टाकी वर बसलीय. किंचित खाली घ्या. सुलट असताना पळालं, तर वर घ्या.

दुसरी गंमत गोल फिरण्याची. बस वळणावर वळली की तुम्ही बाहेरच्या बाजूला ढकलले जाता. टाकीतलं इंधनही तसंच वर्तुळाच्या बाहेरच्या भिंतीला जाऊन चिकटतं. म्हणून इंधन ओढणाऱ्या नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात असावं लागतं. पत्र्याची टाकी असेल तर ती बाहेरच्या बाजूला पाचरीसारखी निमुळती करतात, म्हणजे शेवटचा थेंबही त्याच कोपऱ्यात गोळा होतो. प्लास्टिकच्या बाटलीची टाकी असेल तर आत लवचीक नळी आणि तिच्या टोकाला छोटं वजन. इंधन जिकडे जाईल तिकडे वजनही जातं. तुमच्या त्या फुटलेल्या विमानात निम्मं इंधन शिल्लक होतं ते बहुधा याचमुळे: नळीचं तोंड एकीकडे आणि इंधन दुसरीकडे.

आता पुन्हा जेआरडींकडे. कारण टाकी केवढी, या प्रश्नाचं खरं उत्तर पुढं आहे.

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचा ब्रिटिश हवाई दलातला माजी वैमानिक टाटांकडे एक योजना घेऊन आला होता. लंडनहून विमानानं येणारी टपाल कराचीला येऊन थांबायची. तिथून ती अहमदाबाद, मुंबई, बेल्लारीमार्गे मद्रासला विमानानंच न्यायची. सरकार अनुदान द्यायला तयार नव्हतं. टाटांनी साधारण दोन लाख रुपये घातले. ताफा म्हणजे पस मॉथ जातीची दोन छोटी विमानं आणि जुहूला झावळ्यांनी शाकारलेली शेड.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी कराचीच्या द्रिग रोडवरून उड्डाण केलं. सोबत २५ किलो टपाल. रेडिओ नाही, वाटेत दिशा सांगणारं यंत्र नाही, कंट्रोल टॉवर नाही. कराची ते अहमदाबाद सरळ रेषेत सहाशे किलोमीटर. तिथं उतरले तर पेट्रोल आलं कशातून? बैलगाडीतून! चार-चार गॅलनचे डबे, म्हणजे आपल्या घासलेटच्या जुन्या डब्याएवढे. ते ओतून घेतले आणि परत वर. अहमदाबाद ते जुहू साधारण ४३० किलोमीटर. नकाशा काढून रेघ ओढून बघा, ती उत्तन-भाईंदरला घासूनच जुहूला पोचते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जेआरडी जुहूला उतरले. पुढची टपाल घेऊन व्हिन्सेंट निघाले.

आता विचार करा. थांबा टाळायचा तर मोठी टाकी हवी. पण एवढ्याशा विमानात टाकी मोठी म्हणजे टपाल कमी. आणि विमान निघालं होतं ते टपालीसाठी. म्हणून दमानं जायचं, जिथं पेट्रोल मिळतं तिथं उतरायचं, बैलगाडीतून मिळालं तरी चालेल. त्याआधी पाच वर्षं, १९२७ मध्ये, चार्ल्स लिंडबर्गनं न्यूयॉर्क ते पॅरिस एका दमात पार केलं तेव्हा नेमकं उलटं केलं होतं. उड्डाणाच्या वेळी त्याच्या विमानाच्या एकूण वजनात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या पेट्रोलचा होता आणि मुख्य टाकी वैमानिकाच्या समोर असल्यानं त्याला पुढचं सरळ दिसतही नव्हतं. तेही बरोबरच होतं, कारण खाली अटलांटिक होता. उतरायला अहमदाबाद नव्हतं. दोघांनीही आधी उड्डाण ठरवलं, मग टाकी.

तुम्हीही तेच करा. नुसत्या फेऱ्या मारून शिकायचंय? टाकी लहानच घ्या. नवख्या माणसाला गोल फिरताना चक्कर येते, दोन-तीन मिनिटं पुष्कळ होतात. स्टंटच्या स्पर्धेत उतरायचंय? तिथं पूर्ण कार्यक्रमाला सात मिनिटं मिळतात. त्यात इंजिन सुरू करणंही आलं आणि उतरणंही. टाकी गरजेपेक्षा मोठी घेतली तर सगळे लूप संपल्यावरही इंजिन चालूच राहणार, वेळ संपणार, गुण जाणार. जादा इंधनाचं वजन विमानाच्या नाकावर येतं ते वेगळंच.

टाटांच्या त्या टपालसेवेची खरी कमाल पुढं दिसते. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं. मग सगळा मुक्काम पुण्याला हलवायचा. घाट, ढग, धो धो पाऊस. तरीही टपाल वेळेवर. सरकारी अहवालानं या सेवेच्या शंभर टक्के वक्तशीरपणाची नोंद घेतली. आपल्या लोकलवाल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको! किती लांब उडालो यापेक्षा रोज तेवढंच, तसंच उडालो, हे जास्त अवघड.

मॉडेलमध्ये त्याचं भाषांतर असं: इंजिन पहिल्या फेरीला जसं चाललं तसंच शेवटच्या फेरीला चाललं पाहिजे. साध्या टाकीत इंधन कमी होत गेलं की इंजिनापर्यंत येणारा दाब उतरतो आणि इंजिन हळूहळू जास्त पळायला, तापायला लागतं. यावर उपाय युनिफ्लो टाकीचा. तिच्यात हवा आत घेणाऱ्या नळीचं तोंड इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाजवळच ठेवतात. त्यामुळे टाकी भरलेली असो की संपत आलेली, दाब जवळपास तोच राहतो.

जेआरडींचं पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. १९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. व्हिन्सेंट १९४२ मध्ये युद्धकाळात विमानप्रवासातच गेले. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली, १९४८ मध्ये तिचं विमान लंडनला पोचलं. १९५३ मध्ये सरकारनं विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींना ते पटलं नव्हतं, तरी अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. विमानात बसले की पडदे, चहाचा रंग, संडासाची स्वच्छता, सगळ्याची टिपणं काढायचे. १९७८ मध्ये सरकारनं त्यांना त्या पदावरून काढलं. स्वतः जन्माला घातलेली कंपनी हातातून दोनदा गेली.

आणि मग १५ ऑक्टोबर १९८२ उजाडला. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ या जुन्या, छोट्या विमानात बसले आणि कराचीहून एकटे मुंबईला आले. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले.

तर या आठवड्यात नवी टाकी घ्याल किंवा स्वतः पत्रा कापून सोल्डर कराल, तेव्हा एवढं करा. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तशी ती पाण्यात बुडवून फुंका. एक जरी बुडबुडा आला तरी ती बसवायची नाही. इंधन गाळून भरा. मैदानात विजेच्या तारा जवळपास नाहीत हे आधी बघा, कारण तुमच्या हातातल्या तारा धातूच्या आहेत. मग टाकीत मोजून इंधन घाला, मित्राच्या हातात स्टॉपवॉच द्या, सपाट फेऱ्या मारा आणि इंजिन बंद पडेपर्यंत मोजत राहा. किती मिली, किती मिनिटं, किती फेऱ्या, ते पंखाच्या खाली पेन्सिलनं लिहून ठेवा. असं तीनदा करा. तिन्ही वेळा आकडा सारखाच आला, की मग लूप मारा.