बाबासाहेबांनी प्राध्यापकाची नोकरी सोडून पुन्हा लंडन का गाठलं?

घराचा हप्ता सुरू असताना पीएचडीसाठी नोकरी सोडावी का? पिंपळे सौदागरमध्ये राहून हिंजवडीला कामाला जाणाऱ्या कुणाला हा प्रश्न पडला असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं १९२० हे वर्ष आठवून पाहा.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये त्यांनी 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये प्रवेश घेतला. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरं करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली होती.

बडोद्यातल्या नोकरीत अस्पृश्यतेचे चटके बसले. राहायला जागाही मिळेना, म्हणून ते मुंबईला आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५० रुपये, त्या काळात भरभक्कम! बिऱ्हाड मात्र परळच्या चाळीतच राहिलं. कारण पगारातून लंडनसाठी पैसे बाजूला पडत होते.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. शिल्लक पुरेशी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. मुंबईत संसाराची ओढाताण रमाबाईंच्या वाट्याला आली. लंडनमध्ये बाबासाहेब अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस दिवस वाचत बसत.

१९२१ मध्ये एमएस्सी झाली, पुढे बॅरिस्टरकीही. पण रुपयाच्या प्रश्नावरचा डीएस्सीचा प्रबंध परीक्षकांनी बदल करायला सांगून परत केला. तोवर पैसे संपले होते. १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथेच प्रबंध दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षी डीएस्सी मिळवली. कोलंबियाची पीएचडी तर प्रबंध छापून झाल्यावर, १९२७ मध्ये हाती आली.

म्हणजे त्यांनी डोळे झाकून उडी मारली नव्हती. परतीचा दरवाजा उघडा ठेवला, पगारातून बचत केली, कमी पडलं तिथे कर्ज काढलं. तरीही हिशेब चुकलाच, आणि त्याची झळ घरालाही बसली. नोकरी सोडण्याआधी घरच्यांसोबत बसून मांडायचा हिशेब तो हाच.