श्रीमती सावित्रीबाई खानोलकर : एक चरित्ररेखा

स्मरणिकेच्या पानांत कीर्तिशेष व्यक्तींची चरित्रे द्यावयाची, तरुण पिढीस त्यांचा परिचय करून द्यावयाचा, हा आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचा जुना प्रघात आहे. बहुधा ही चरित्रे आपल्याच कुळांतील कर्त्या स्त्रीपुरुषांची असतात व तसे असणे स्वाभाविकही आहे. यंदा मात्र आम्ही ज्या विदुषीचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, त्यांचा जन्म आपल्या ज्ञातीत तर नव्हेच, पण या देशातही झाला नव्हता. तरीही त्यांचे चरित्र येथे देण्यास सबळ कारण आहे. आज आपल्या अनेक घरांत परप्रांतीय, क्वचित परदेशीय सुना नांदत आहेत. आपल्या लेकीही दूर देशी, निराळ्या भाषेच्या घरांत गेल्या आहेत. अशा प्रसंगी आपले कोण व परके कोण, हा प्रश्न घरोघरी निघतो, आणि तो नेहमीच प्रेमाने निघतो असे नाही. या प्रश्नाचे उत्तर वादविवादापेक्षा एखाद्या थोर आयुष्यात अधिक स्पष्ट सापडते. असे एक आयुष्य श्रीमती सावित्रीबाई खानोलकर यांचे होय.

सावित्रीबाईंचे माहेरचे नाव ईव्ह इव्होन मादाय द मारोस. स्वित्झर्लंड देशातील न्यूशातेल या गावी २० जुलै १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. न्यूशातेल हे ज्युरा पर्वताच्या पायथ्याशी, विस्तीर्ण सरोवराच्या काठी वसलेले फ्रेंच भाषिक नगर. वडील मूळचे हंगेरीचे, समाजशास्त्राचे प्राध्यापक, आई रशियन. म्हणजे तीन देशांचा संगम या कन्येच्या घरातच झाला होता. आईचे छत्र लहानपणीच हरपले व वडिलांच्या देखरेखीखाली जिनिव्हा येथे त्यांचे बालपण गेले. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाचे ठाणे त्याच नगरीत होते आणि वडील तेथील ग्रंथालयात काम करीत असत. वाचनाची आवड असलेल्या मुलीला याहून मोठे भाग्य ते कोणते? भारतवर्षाविषयीचे ग्रंथ त्यांच्या हाती पडले ते याच काळात. या दूरच्या देशाचे व तेथील तत्त्वज्ञानाचे आकर्षण त्यांच्या मनात रुजले, ते हा देश डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी.

सन १९२९ मध्ये त्यांच्या आयुष्यास वळण लागले. फ्रान्समधील शामोनी हे स्थळ आल्प्स पर्वतातील सर्वोच्च शिखर जे माँ ब्लाँ, त्याच्या अगदी पायथ्याशी आहे. बर्फावरील खेळांसाठी ते प्रख्यात असून हिवाळी ऑलिंपिकचे पहिले सामने १९२४ साली तेथेच भरले होते. तेथे या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची गाठ विक्रम रामजी खानोलकर या मराठी तरुणाशी पडली. त्या काळी हिंदी तरुणांस सैन्यात राजमान्य अधिकारी व्हावयाचे असेल तर इंग्लंडातील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात जावे लागे. डेहराडूनची संस्था १९३२ मध्ये निघाली. विक्रम हे सँडहर्स्टचे विद्यार्थी. सुटीत ते शामोनीस आले होते. ओळख झाली, तिचे स्नेहात रूपांतर झाले. शिक्षण संपवून विक्रम मायदेशी परतले व पलटणीत रुजू झाले. पण मध्ये हजारो मैलांचा समुद्र पडूनही ते स्नेहबंधन तुटले नाही.

मुलीने आपला मनोदय सांगितला तेव्हा वडिलांनी संमती दिली नाही. आम्हांस येथे त्या वडिलांना दोष द्यावयाचा नाही. पोरक्या लेकीला तळहातावरच्या फोडाप्रमाणे वाढविलेल्या पित्याने, जेथून पत्र यावयास आठवडे लागत अशा देशी, निराळ्या धर्माच्या व भाषेच्या, पुन्हा सैनिकी पेशाच्या तरुणाशी तिने लग्न करावे, याला सहज होकार दिला असता तरच नवल. आपल्यापैकी ज्यांच्या मुली विमानाने एका दिवसात गाठता येतील अशा ठिकाणी आहेत, त्यांनाही त्या पित्याच्या मनाची कल्पना करता येईल. परंतु मुलीचा निश्चय ढळला नाही. १९३२ साली, वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी, ती भारतात आली व लखनौ येथे विक्रम खानोलकरांशी विवाहबद्ध झाली. विवाहानंतर तिने सावित्री हे नाव धारण केले.

या नावाचा योगायोग आम्हांस विलक्षण वाटतो. महाभारतातील सावित्री ही मद्रदेशाच्या अश्वपती राजाची कन्या. तिने स्वतः वर शोधला तो अरण्यात राहणारा, राज्यभ्रष्ट राजाचा पुत्र. नारदमुनींनी सत्यवानाच्या अल्पायुष्याची पूर्वसूचना दिली, पित्याने दुसरा वर पाहा म्हणून सांगितले. पण एकदा मनाने वरिले ते वरिले, असे म्हणून ती राजवाडा सोडून वनात गेली आणि वल्कले नेसून सासूसासऱ्यांच्या सेवेत रमली. वटपौर्णिमेला आपल्या घरच्या स्त्रिया वडाला सूत गुंडाळतात तेव्हा यमाचा प्रसंग तेवढा त्यांच्या मनात असतो. पण यमाला जिंकण्याच्या आधी सावित्रीने एक अपरिचित वन आपलेसे केले होते, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. न्यूशातेलच्या सरोवरकाठच्या मुलीनेही तेच केले.

खानोलकर हे आडनाव दक्षिण कोकणातील, वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावावरून आलेले आहे. लाल मातीच्या, माडापोफळींच्या त्या मुलखाचे नाव एका हिमप्रदेशातील मुलीने स्वीकारले, आणि संसार मात्र मांडला तो छावणी नेईल तेथे. सैनिकाच्या पत्नीस एक घर असे नसतेच. जिचे डोळे बर्फाच्छादित शिखरे व निळी सरोवरे पाहण्यास सरावलेले होते, तिला आता गंगेच्या खोऱ्यातील क्षितिजापर्यंत पसरलेली सपाट भूमी, वैशाखातील लू, धुळीची वादळे व मग कोसळणारा पाऊस यांत दिवस काढावयाचे होते. शिवाय तो काळ ब्रिटिश अमदानीचा. छावणीतील अधिकारीवर्गाचे राहणीमान इंग्रजी वळणाचे असे. युरोपीय वंशाच्या स्त्रीने त्या वर्तुळात, तिच्या ओळखीच्या रीतीभातींत, सुखाने दिवस कंठावे यात कोणास काही वावगे वाटले नसते. सावित्रीबाईंनी ती सोपी वाट धरली नाही. त्या सुती साडी नेसू लागल्या, शाकाहारी झाल्या. हिंदी, मराठी व संस्कृत या भाषा त्यांनी परिश्रमपूर्वक आत्मसात केल्या. वेद, उपनिषदे, पुराणे यांचे वाचन केले. चित्रकला त्यांस अवगत होतीच. भारतीय संगीत व नृत्य यांचाही अभ्यास त्यांनी केला व विख्यात नर्तक उदयशंकर यांच्यापाशी नृत्याचे धडे घेतले.

पतीवरील प्रेमाने त्या या देशात आल्या खऱ्या. परंतु केवळ पतीच्या आधाराने त्या येथे राहिल्या असे मात्र नव्हे. प्रेमाने त्यांना दार दाखविले, आतले घर त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने जोडले. जन्मतः लाभलेल्या वारशाबद्दल आपण बेफिकीर असतो. ज्याने तो कष्टाने मिळविला, तोच त्याची खरी किंमत जाणतो. याची प्रचीती देशाला स्वातंत्र्यानंतर आली.

भारत स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिश राजवटीतील शौर्यपदकांच्या जागी आपली स्वतःची पदके हवीत असे ठरले. या कामाची जबाबदारी त्या वेळचे अॅड्‌जुटंट जनरल, मेजर जनरल हिरालाल अटल यांच्यावर होती. सर्वोच्च पदकाची आकृती कोणाकडून करून घ्यावी, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी सावित्रीबाईंस विचारले. संस्कृत, पुराणे व चित्रकला या तिहींची जाण त्यांच्या ठिकाणी एकत्र आली होती. सावित्रीबाईंच्या मनापुढे उभे राहिले ते दधीची ऋषी. वृत्रासुराने देवांना जेरीस आणले तेव्हा त्याच्या वधासाठी लागणारे शस्त्र ऋषींच्या अस्थींपासूनच घडू शकत होते. दधीचींनी विनातक्रार देहत्याग केला आणि त्या अस्थींतून इंद्राचे वज्र घडले. देशासाठी स्वतःची हाडे देणाऱ्या सैनिकाच्या गौरवास याहून समर्पक प्रतीक कोणते?

परमवीर चक्र हे कांस्य धातूचे, सुमारे साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे, दिसण्यात अत्यंत साधे पदक आहे. मध्यभागी राजमुद्रा, तिच्या चारी दिशांना चार वज्रे. मागील बाजूस पदकाचे नाव व दोन कमळे. वर जांभळी फीत. त्यात सोने नाही, रत्ने नाहीत. २६ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे आपण प्रजासत्ताक झालो त्याच दिवशी, ते स्थापित झाले व १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले. महावीर चक्र, वीर चक्र व अशोक चक्र या पदकांच्या आकृतीही सावित्रीबाईंच्याच कल्पनेतून उतरल्या.

यानंतर जे घडले ते कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर वाचकांनी अशक्य म्हणून सोडून दिले असते. परमवीर चक्राचे पहिले मानकरी ठरले कुमाऊँ पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मिरात, बडगाम येथे, हात प्लॅस्टरमध्ये असताना आपल्या तुकडीचे नेतृत्व करीत त्यांनी देह ठेवला होता. हे सोमनाथ शर्मा म्हणजे सावित्रीबाईंच्या थोरल्या जावयाचे सख्खे वडील बंधू. पदकाची कल्पना जिच्या चित्तात उमलली, तिच्याच आप्तांच्या घरात ते प्रथम आले, आणि आले ते शोकासह. कारवार प्रांतातील चेंडिये गावचे सुपुत्र, बाँबे इंजिनिअर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली, त्यांनाही हाच सन्मान मिळाला. १९९९ च्या कारगिल युद्धापर्यंत एकवीस वीरांस हे पदक मिळाले. त्यांपैकी चौदा जणांना ते मरणोत्तर आहे. दधीचीचे रूपक कवीची कल्पना नव्हते, हे या आकड्यावरून दिसून येईल.

सन १९५२ मध्ये मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचे निधन झाले. ज्याच्यासाठी सावित्रीबाई देश सोडून आल्या, तोच आधार तुटला. संसाराची उणीपुरी वीस वर्षे झाली होती; त्यांचे वय चाळिशीच्याही आतच होते. परत जावयाचे असते तर जाण्याची ही वेळ होती. त्या गेल्या नाहीत. आमच्या मते त्यांच्या सबंध चरित्रातील सर्वांत मोठा निर्णय हा, शामोनीच्या बर्फात घेतलेला नव्हे. तरुणपणीच्या निर्णयामागे प्रीतीचा वेग असतो. वैधव्यात घेतलेल्या निर्णयामागे ओळखून जोडलेले नातेच असू शकते. विवाहबंधनाने त्यांना या भूमीशी जितके बांधले होते, त्याहून अधिक त्यांनी स्वतःस बांधून घेतले होते.

पुढील अडतीस वर्षे त्यांनी याच देशात काढली. फाळणीच्या काळात निर्वासितांसाठी आणि युद्धात पती गमावलेल्या सैनिकपत्नींसाठी त्यांनी जे सेवाकार्य केले होते, त्याचा पिंड त्यांच्यात होताच. आता त्या रामकृष्ण मठाच्या सान्निध्यात अध्यात्माकडे वळल्या. महाराष्ट्रातील संतांच्या चरित्रांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला व तो भारतीय विद्याभवनाने प्रसिद्ध केला. आपल्या संतांची ओळख अमराठी वाचकांस करून देण्याचे हे कार्य आपल्यापैकी किती जणांनी केले आहे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःस विचारावा. २६ नोव्हेंबर १९९० रोजी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांची जीवनयात्रा संपली.

या चरित्राचा एक चुकीचा अर्थ निघू शकतो, त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. सावित्रीबाईंनी नाव बदलले, पोशाख बदलला, आहार बदलला. तेव्हा बाहेरून आलेल्या प्रत्येक सुनेने तसेच करावे, असा दंडक यातून कोणी काढू नये. त्यांनी जे केले ते स्वेच्छेने, आतल्या ओढीने. सक्तीने नेसविलेल्या साडीतून परमवीर चक्र निर्माण होत नाही. उलट बोध घ्यावयाचा तो आपण यजमानांनी. घरात आलेल्या मुलीला आपली भाषा शिकविण्यास आपण किती वेळ देतो? तिची चूक झाली तर हसतो की सांभाळून घेतो? सणावारी तिला कारण न सांगता विधी तेवढे सांगतो की त्यामागची कथाही सांगतो? आणि तिने सोडून आलेल्या गावाची, नदीची, डोंगराची चौकशी आपण कधी आस्थेने केली आहे काय?

ज्ञातिसंस्थेचे काम कुळांची नोंद ठेवणे हे आहेच. ते काम कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु वंशवृक्षाला नवी फांदी फुटते ती नेहमी बाहेरून आलेल्या कोणाच्या तरी योगाने, ही गोष्ट आपल्या प्रत्येकाच्या आजीपणजीच्या बाबतीत खरी आहे. त्याही एके काळी परक्या गावातून, अनोळखी उंबरठ्यावर माप ओलांडून आल्या होत्या. हे ध्यानात ठेवून आपल्या घरी आलेल्या व आपल्या घरून गेलेल्या सर्व लेकीसुनांना ममतेने वागवावे, एवढी विनंती करून आम्ही श्रीमती सावित्रीबाई खानोलकर यांच्या पुण्यस्मृतीस सादर अभिवादन करतो.